कीर्तनाच्या राखणीला होडी

बुडत्याला काडीचा आधार, हे मी आजवर कितीतरी कीर्तनांत ऐकलं आणि दरवेळी मान डोलावली. पण ती काडी किती लांबीची असावी, तिच्यावर किती माणसं मावावीत, आणि बुडत्यानं ती पुढून धरावी की बाजूनं, हे एकाही बुवांनी कधी सांगितलं नाही आणि एकाही श्रोत्यानं कधी विचारलं नाही. ते विचारलं धारवाडच्या एका सरकारी कार्यालयानं. कार्यालयाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं चांगली आहेत, आणि मला अजून धारवाडातच राहायचं आहे.

झालं असं, की मळमड्डीतल्या आमच्या देवळामागचं तळं यंदा भरलं. कित्येक वर्षं ते नुसतं नावाचं तळं होतं. त्यात गाळ, त्यावर गवत आणि गवतावर म्हशी. मग कुणाच्या तरी मनात आलं, गाळ उपसला गेला, पाऊस बरा झाला आणि पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत येऊन टेकलं. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात तेप्पोत्सव शिरला.

तेप्प म्हणजे तराफा. पिंपं, फळ्या आणि केळीचे खांब बांधून तो करायचा, कार्तिकी पौर्णिमेच्या दिवेलागणीला त्यावर देवाची पालखी ठेवायची आणि दोरानं ओढून तळ्याच्या मध्यावर न्यायचा. एवढं पुष्कळ ठिकाणी होतं. आमच्याकडे त्याच तेप्पावर देवासमोर कीर्तन व्हायचं. बुवा पाण्यावर आणि श्रोते पायऱ्यांवर. मी लहानपणी ते वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलं आहे. पाण्यावरून आलेला आवाज असा लागतो, की माणूस पुढं जन्मभर लाऊडस्पीकरवर नाराज राहतो. त्या बुवांच्या मागं त्यांची मुलगी झांज धरून उभी असायची. तीच पुढं कीर्तनकार झाली. त्याच आमच्या हेमावतीअक्का.

अक्का आता अळणावरला पुतण्याकडे असतात. वय पंचाहत्तरीच्या पुढं. कीर्तन सोडल्याला बरीच वर्षं झाली. मी जाऊन पाया पडलो तेव्हा त्या वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विनवणी केली. त्यांनी आधी अर्धी टोपली सोलून संपवली.

"जमिनीवरचं माझं झालं, मास्तर," मग त्या म्हणाल्या. "गळा तेवढा चालत नाही. पण तेप्पावर असेल तर येते. अप्पा उभे राहायचे तिथं एकदा उभं राहायचंय. एकदाच हं."

एवढं ऐकल्यावर मी परतीच्या गाडीत बसलो की उभा होतो, हे मला आठवत नाही. कीर्तनासाठी बेळगावपर्यंत एस्.टी.त लोंबकळत गेलेला माणूस मी. ते कीर्तन आता माझ्या घराच्या मागं होणार होतं. कार्तिकी तेवढी गाठायची होती.

परवानगीचा अर्ज घेऊन आम्ही तिघे गेलो. मी, आमच्या देवळाचे कार्यवाह प्रभंजन आणि सुधींद्र वकील. प्रभंजन बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि अंगानं भारदस्त आहेत. त्यांचा स्वभाव असा, की देवानं स्वतः येऊन वर माग म्हटलं तर ते आधी ओळखपत्र बघतील. सुधींद्र वकील बोलतात कमी, पण बोलले की समोरच्याला बसावं लागतं. संबंधित अधिकारी श्रीनिधी नावाचे एक शांत गृहस्थ होते. बोलणं सगळं कन्नडमध्ये झालं. त्याचा सारांश असा, की पाण्यावर देव न्या, कीर्तन करा, ते स्वतः येऊन बसतील. पण पंचाहत्तरीच्या बाई पाण्याच्या मध्यावर उभ्या राहणार असतील, तर तेप्पाजवळ एक लहानशी, वल्ह्यानं चालणारी बचावाची होडी पाहिजे. इंजिनाची नको, त्या आवाजात बुडणाऱ्याची हाकही ऐकू येत नाही. तिच्यात वल्हं मारायला शिकलेली तुमच्यातलीच दोन माणसं पाहिजेत. होडी तेप्पाला लागू द्यायची नाही आणि फार लांबही जाऊ द्यायची नाही. ती काबूत नाही असं दिसलं, तर ते शिट्टी वाजवणार आणि तेप्प काठाला ओढून घेणार. कीर्तन जिथं असेल तिथं संपलं.

"होडी तुम्ही निवडा, नोड्री," ते शेवटी म्हणाले; नोड्री म्हणजे बघा. "मी फक्त बघतो."

हे वाक्य दिसायला सोपं आहे.

होडी निवडायचं, आणि प्रभंजनबरोबर ती चालवायचं, काम माझ्याकडे आलं. कारण मी भूगोलाचा शिक्षक. नोकरीभर मी फळ्यावर महासागर काढले, खडूनं प्रवाह वाहते केले, उष्ण लाल आणि थंड निळे. अटलांटिक तर डोळे मिटून काढतो. मला पोहता येत नाही, ही गोष्ट वेगळी. ती घरात फक्त माझ्या बायकोला, संगीताला, माहीत होती, आणि तिनं ती आवाज न चढवता शेजारी पोचवली. वर म्हणाली, "बादलीत पाणी जास्त झालं तर मला हाक मारणारा माणूस, हा दुसऱ्याला काढणार."

देवळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी साधा प्रश्न टाकला की बचावासाठी कोणती लहान होडी बरी. संध्याकाळपर्यंत मला एवढं ज्ञान मिळालं, की ते वाहून न्यायलाच एक होडी लागली असती. एकानं ट्रॅक्टरच्या ट्यूबा सुचवल्या. एकीनं सुचवलं, की बागेत पायानं चालवायची हंसाची होडी असते ती आणावी, हंस सरस्वतीचं वाहन आहे आणि फोटोही चांगला येईल. बुडणाऱ्यानं हंसाच्या कुठल्या भागाला धरून वर यावं, याचा खुलासा त्यात नव्हता. एका निवृत्त प्राचार्यांनी तर मुळात कीर्तनकार बुडण्याची शक्यताच अश्रद्धा आहे, असं लिहून ग्रुप सोडला. रात्री जेवणानंतर ते परत आले.

अशात सुधींद्र वकिलांच्या एका पक्षकारानं नदीकाठच्या गावाहून हरिगोल पाठवला. हरिगोल म्हणजे वेताची मोठी गोल टोपली, बाहेरून चामडं किंवा ताडपत्री ओढलेली. नदीवर ती पिढ्यानपिढ्या चालते, हे मला मान्य आहे. पण ती चालवणारी माणसंही पिढ्यानपिढ्यांची असतात. मी आणि प्रभंजन आत बसलो आणि वल्हं मारलं. टोपली फिरली. दुसऱ्या बाजूनं मारलं, ती दुसऱ्या बाजूनं फिरली. पाऊण सकाळ आम्ही स्वतःभोवती प्रदक्षिणा घातल्या. पुण्य लागलं असेल, अंतर कापलं नाही. घाटावर दूधवाला, पेपरवाला आणि वेदपाठाला निघालेले दोन आचार्य उभे होते. त्यांतल्या थोरल्या आचार्यांनी धाकट्याला काहीतरी समजावलं. बहुधा पृथ्वीच्या परिवलनाबद्दल असावं.

पुढच्या आठवड्यात श्रीनिधीसाहेब पाहणीला आले. तोपर्यंत आम्हांला टोपली बऱ्यापैकी सरळ नेता येऊ लागली होती. त्यांनी दिलेली तरंगणारी जाकिटं आम्ही घातली होती. नारिंगी जाकीट आणि खाली धोतर, अशा अवतारात मी शाळेच्या पालकसभेसमोर उभा राहिलो असतो तर गणिताच्या शिक्षकांना फार बरं वाटलं असतं. आम्ही काठापासून थोडं आत गेलो. पाण्यात उतरण्याआधी पाणी डोळ्यांना लावायचं, ही आमच्या घरची रीत. तलाव असो, नदी असो, की नळाखालची घागर असो. आधी ते राहून गेलं होतं. ते आठवलं म्हणून मी टोपलीच्या काठावरून वाकलो, ओंजळ भरली, डोळे मिटले आणि श्रद्धेनं पुढं झुकलो. पुढचं पाणी मला लावावं लागलं नाही. ते सगळीकडे लागलं.

तळं तिथं गळ्याइतकं. जाकिटामुळं मी बुचासारखा वर आलो. नाकात तळ्याचं पाणी, डोक्यावर जलपर्णीचं एक पान, आणि काठावर संगीता. ती ओरडली नाही. तिनं फक्त पदर तोंडाला लावला, आणि तो रडण्यासाठी नव्हता हे मी पाण्यातूनही ओळखलं.

श्रीनिधीसाहेब जागचे हलले नाहीत. "चांगलं झालं," ते म्हणाले. "आता मास्तरांना वर घ्या."

प्रभंजननी माझा एक हात धरून ओढला. टोपली कलली. त्यांनी दोन्ही हात धरून ओढलं. टोपली आणखी कलली, तिचा काठ माझ्या हनुवटीला लागला, आणि मी वर जाण्याऐवजी प्रभंजन खाली येऊ लागले. त्यांनी जाकिटाचा पट्टा धरला, तो सुटला. मग काष्टा धरला. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. शेवटी बँकेत कधीही धोका न पत्करलेला तो माणूस ज्या आवाजानं पाण्यात पडला, तो आवाज ऐकून पलीकडच्या काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

आम्ही दोघे चालत काठाला आलो. साहेबांनी आम्हांला पायरीवर बसवलं, चहा मागवला आणि समजावून सांगितलं. माणसाला होडीत बसून पाण्यात जाता येतं, हे काही मोठं नाही. भिजलेला, घाबरलेला, तुमच्याइतक्याच वजनाचा माणूस पाण्यातून होडीत घेता येतो का, तेवढं बघायचं. काठ उंच असेल तर तो वर येत नाही, होडीच खाली जाते. म्हणून अशी होडी बघा जिचा काठ पाण्याला लागून आहे, जी कलली तरी उलटत नाही, आणि जिच्यावर बुडणारा पोटावर सरपटत येऊ शकतो. रंग आणि नाव नंतर बघा.

रंग आणि नाव यावर आमच्या दोन सभा झाल्या होत्या.

मग आम्ही हुबळीला गेलो. खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात मागच्या बाजूला अशा होड्या उभ्या करून ठेवल्या होत्या, लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या ठेवतात तशा. पहिली होती बंद कयाक. लांब, निमुळती, वरून झाकलेली आणि मधे बसायला एक भोक. काठ पाण्याला लागून होता यात शंका नाही. सुधींद्र वकील म्हणाले, पुराव्याशिवाय नको, मास्तरांना आत बसवून बघा. मी बसलो. पाय आत गेले, मांड्या गेल्या, आणि पोटाशी आल्यावर ते भोक आणि मी एकमेकांना घट्ट बसलो. मला वाटलं, श्वास सोडला की निघेन. श्वास सोडला आणि आणखी दोन बोटं आत गेलो.

हुबळीच्या दुकानात फरशीवर होडीत अडकून बसलेला माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. बॅडमिंटनच्या रॅकेटा घ्यायला आलेलं एक कुटुंब थांबलं. एका आजोबांनी हा कंबरदुखीचा नवा उपाय आहे का, असं विचारलं. सल्ले आले, की साबण लावा, पाय आखडा, जेवण पचेपर्यंत थांबा. तेवढ्यात गर्दीतून एक सुटाबुटातला गृहस्थ पुढं आला, वाकून माझ्या पाया पडायला लागला, पाय सापडेनात म्हणून होडीच्या टोकाला नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, मी चेतन. तुम्ही मला पॅसिफिक महासागराचा नकाशा पुन्हा काढायला लावला होता." त्यानं आणि दुकानातल्या तिघांनी होडी आडवी करून मला बाहेर काढलं. शिष्य चांगला निघाला. नकाशा मात्र त्यानं तेव्हा फार वाईट काढला होता, हे मी त्याही अवस्थेत विसरलो नाही.

दुकानदारानं मग दुसरी दाखवली. ती उघडी होती. आत बसायचं नाही, वर बसायचं. जाड प्लॅस्टिकचं मोठं ताटच म्हणा ना. दोघांना पुढं-मागं बसायला खळगे, बाजूनं धरायला दोर, काठ इतका खाली की मांजरही चढावं. पडलात तरी परत चढा. प्रभंजननी ती उलटसुलट करून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. तळात आरपार भोकं होती. एक-दोन नव्हे, ओळीनं.

ही भोकं कंपनीनंच पाडलीत, वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं, होडी पोकळ असल्यामुळं ती बुडत नाही, असं दुकानदारानं परोपरीनं सांगितलं. प्रभंजननी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की बँकेत त्यांनी पुष्कळ ठिकाणी भोकं पाहिली, पण ती पाडणाऱ्यानं कधी जाहिरातीत छापली नव्हती. तरी श्रीनिधीसाहेबांनी फोनवर हौदु, म्हणजे होय, म्हटलं, आणि दांडेलीकडं नदीवर होड्या चालवणाऱ्या ओळखीच्या मंडळींनी तशीच एक होडी कार्तिकीपुरती वापरायला दिली. नारिंगी रंगाची. रंगाबद्दल आमच्या सभेत जो एकमेव ठराव झाला होता, तो हिरव्याचा होता.

होडी आली त्या दुपारी मी कीर्तनाच्या तयारीला बाहेर होतो. प्रभंजन तिच्याजवळ एकटेच होते. एवढ्या मोठ्या कामाला आलेली वस्तू अशी सच्छिद्र पडलेली त्यांना बघवेना. खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी त्यांनी आणली आणि एकेक भोक आतून-बाहेरून प्रेमानं बुजवलं. संध्याकाळी आम्ही पाण्यात गेलो. वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी, लाटेचं पाणी, सगळं आत यायला लागलं आणि जायला वाट नव्हती. थोड्या वेळानं आम्ही दोघे तळ्याच्या मध्यावर कोमट पाण्याच्या टबात बसल्यासारखे बसलो होतो. प्रभंजन मागून समाधानानं म्हणाले, "बघा मास्तर, खालून थेंब येत नाही."

लांबी काढायला पुढचे दोन दिवस आणि संगीताच्या शिवणाच्या सगळ्या सुया गेल्या.

एवढं झाल्यावर होडी मिळाली असं म्हणायला हरकत नव्हती. चालवणं तेवढं उरलं होतं. दोन तोंडांची दोन वल्ही. पुढं मी, मागं प्रभंजन. मी उजवीकडे मारलं की ते डावीकडे मारत, आणि मी चूक सुधारून डावीकडे वळलो की तेही सुधारत. वल्ही हवेत एकमेकांवर आपटत, टिपऱ्या खेळल्यासारखी. आमची भांडणं घाटावर ऐकू जाऊ लागली. श्रीनिधीसाहेबांनी एका संध्याकाळी ती पाहिली आणि शांतपणे सांगितलं, की कार्तिकीपर्यंत हे असंच राहिलं तर त्यांना परवानगी देता येणार नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अळणावरला फोन करून मी अक्कांना काय सांगणार होतो? की तुमचं कीर्तन दोन म्हाताऱ्यांच्या डाव्या-उजव्यात अडकलं?

सकाळी देवळात काकडा चालला होता. टाळ वाजत होते आणि मला एकदम दिसलं. प्रभंजन आणि मी कुठल्याच सभेत एका मताचे नसतो, पण भजनात आमचा टाळ कधी पुढं-मागं पडलेला नाही. त्याच संध्याकाळी पाण्यात गेल्यावर मी नाव घ्यायला सुरुवात केली. विठ्ठल म्हटलं की उजवं, विठ्ठल म्हटलं की डावं. प्रभंजननी मागून सूर धरला. होडी अशी सरळ निघाली, की दोघांनाही भीती वाटली. वळली, थांबली, मागं आली. श्रीनिधीसाहेबांनी येऊन पाहिलं. सुधींद्र वकील बुडणारा इसम म्हणून स्वतःहून पाण्यात उतरले; त्यांना पोहता येतं हे त्यांनी आजवर लपवून ठेवलं होतं. आम्ही त्यांना पोटावर सरपटत वर घेतलं. साहेबांनी सही केली. जाताना म्हणाले, "भजन चांगलं म्हणता."

कार्तिकीला अक्का दुपारच्या गाडीनं आल्या. नऊवारी, कपाळाला बुक्का, हातात वडिलांच्या चिपळ्या. घाटावर नारिंगी होडी बघून त्यांनी विचारलं, ही कशाला. मी म्हटलं, तुमच्या राखणीला. त्यांनी विचारलं, तुम्हांला पोहता येतं का. मी नाही म्हटलं. प्रभंजननीही नाही म्हटलं. बराच वेळ अक्कांचे खांदे हसण्यानं हलत होते.

दिवेलागणीला तेप्प निघाला. केळीचे खांब, पणत्या, पालखीत देव, पेटीवाले, तबलेवाले, आणि पुढं अक्का. घाटाच्या पायऱ्या माणसांनी भरल्या होत्या. पाण्यालगतच्या पायरीवर श्रीनिधीसाहेब, गळ्यात शिट्टी. आम्ही ठरल्या अंतरावर होडी उभी केली. मग अक्कांनी नमनाला सूर लावला.

गळा चालत नाही म्हणाल्या होत्या. खरंच तो पूर्वीसारखा नव्हता. थोडा फाटलेला, खाली बसलेला. पण पाण्यावरून तो आला आणि मी वडिलांच्या मांडीवर जाऊन बसलो. निरूपण साधं होतं. एका नावाड्याचं. सगळ्या गावाला पैलतीरी पोचवणारा आणि स्वतः कधीच न उतरणारा. मी कित्येक कीर्तनं पहिल्या रांगेत बसून ऐकली, पण माझ्या आणि कीर्तनकाराच्या मधे नुसतं पाणी आहे, असं कधी झालं नव्हतं.

पूर्वरंग संपला आणि अक्कांनी चिपळ्या वर उचलून नामाचा गजर सुरू केला.

आता यात माझी चूक काय, हे मला कुणी सांगावं. गजर सुरू झाला की दोन्ही हात वर जातात. ते मी नेत नाही. हा लहानपणापासूनचा व्यवहार हात आणि नाम यांच्यामधला आहे, मला त्यात कधी विचारलेलं नाही. सगळा घाट टाळ्या वाजवत होता. मीही डोळे मिटून वाजवल्या. मागून प्रभंजनच्या टाळ्या ऐकू येत होत्या, एकाही मात्रेचा फरक नाही. गजर सरला, मी समाधानानं हात मांडीवर ठेवले, आणि मांडीवर काहीच नव्हतं.

"मास्तर," मागून अगदी हळू आवाज आला, "तुमचं वल्हं आहे ना?"

मी विचारलं, तुमचं. वळून पाहिलं तर त्यांचेही हात रिकामे.

दोन्ही वल्ही शेजारीशेजारी, आमच्यासारखी अजिबात न भांडता, पलीकडच्या जलपर्णीकडे चालली होती. आम्ही हातांनी पाणी मारून पाहिलं. पण नाव घ्यावं तर कीर्तनात व्यत्यय, आणि नाव न घेता आमचे हात जुळेनात. वारा काठाकडून होता. होडी आमचं न ऐकता सावकाश तेप्पाकडे निघाली. मी घाटाकडे पाहिलं. श्रीनिधीसाहेब उभे राहिले होते. शिट्टी ओठांशी होती.

मला तेव्हा बुडायची भीती वाटली नाही. जाकीट होतं. मला एवढंच दिसत होतं, की अक्का वडिलांच्या जागी उभ्या आहेत, आख्यान नुकतं रंगात येतंय, आणि ते आता तुटणार, आणि ते आम्ही तोडणार. जे ऐकण्यासाठी मी सगळं केलं, ते मोडणारा मीच.

होडीचं नाक तेप्पाच्या फळीला टेकलं. माझ्या हातात होडीच्या टोकाला बांधलेली दोरी होती. काय करावं कळेना म्हणून मी ती फळीवर टाकली. ती परत घसरायला लागली.

अक्का बोलता बोलता पुढं आल्या, कीर्तनकार येतात तशा. वाक्य तुटलं नाही, सूर हलला नाही. त्यांनी खाली पाहिलं, आणि चाल धरल्यासारखं पाऊल उचलून बरोबर दोरीवर ठेवलं. मग नावाड्याची गोष्ट पुढं सांगत त्या म्हणाल्या:

"वल्हं गेलं, बाबा? जाऊ दे. वल्हं कुणाचंच राहत नाही. दोरी सोडू नकोस म्हणजे झालं."

घाटावर बायकांनी डोळे पुसले. सुधींद्र वकिलांनी पुसले. मी दोरी धरली. प्रभंजननी मागून माझं जाकीट धरलं. अख्खा उत्तररंग अक्का त्या दोरीवर पाय ठेवून एका जागी उभ्या होत्या. एरवी त्या तेप्पभर फिरल्या असत्या. दुसऱ्या दिवशी मळमड्डीत जो तो सांगत होता, की अक्का कशा विटेवर उभ्या असल्यासारख्या स्थिर उभ्या राहिल्या, हा खरा भाव. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

शिट्टी वाजली नाही. आरती झाली, तेप्प काठाला ओढला गेला, आणि त्याच्यामागं दोरीनं बांधल्यासारखी बचावाची होडी. मी खाली मान घालून श्रीनिधीसाहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

"आमच्या आई सांगायच्या," ते म्हणाले, "कीर्तनातनं मधेच उठायचं नाही. मग मी मधेच वाजवणार कशी, मास्तर? आणि होडी तेप्पाजवळच होती की. त्याच्यापेक्षा जवळ कशी ठेवणार?"

अक्का पायरीवर बसल्या होत्या. मी आणि प्रभंजन ओल्या धोतरांनिशी पाया पडलो. डाव्या पायाच्या तळव्यावर दोरीचा लाल वळ उठला होता. संगीता त्याला तेल लावत होती. मी म्हटलं, अक्का, तुम्ही एकदाच म्हणाला होतात, आणि त्या एकदाचं आम्ही असं केलं.

अक्कांनी चिपळ्या उपरण्यात गुंडाळल्या.

"एकदाच म्हटलं होतं खरं," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या कार्तिकीला येते. तुम्हा दोघांना पाण्यावर एकटं सोडून कसं चालेल?"